झाकणाखालचं सोनं

दसरा जवळ आला की ते प्रकरण अजूनही मनात वर येतं. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. चोऱ्या, मारामाऱ्या, फसवणुकी, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हेही कधी कधी आठवत नाही. या एका प्रकरणातलं मात्र काही पुसलं गेलेलं नाही. यातल्या कुणाचंही नाव मी सांगणार नाही. शिक्षा भोगून झालेल्या माणसाला पुन्हा चावडीवर उभं करणं मला पटत नाही.

माझे वडील रत्नागिरीकडून सेम्बावांगच्या गोदीत कामाला आले. मी सिंगापुरातच जन्मलो आणि इथल्याच पोलिसात भरती झालो. मराठी आईने टिकवली. जेवताना इंग्रजी शब्द निघाला की ती भाजी वाढायची थांबायची, त्यामुळे आम्ही भावंडं पोटासाठी मराठी शिकलो असं म्हणायला हरकत नाही.

नोकरीची शेवटची वर्षं मी कस्टम्सच्या बरोबरीने काम करणाऱ्या एका तपास पथकात होतो. आमच्याकडे बंदुका किंवा अफू यांची प्रकरणं येत नसत, यायचे ते पंप, मोजमापाची यंत्रं, रसायनं, नळ. दिसायला अगदी साधा माल. त्यातल्या काही वस्तू मात्र दोन्ही घरचा पाहुणा असतात. आज औषधाच्या कारखान्यात शोभतात, उद्या विषारी वायू बनवणाऱ्याच्या कामाला येतात. असा माल परवान्याशिवाय देशाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे जगातल्या बहुतेक देशांनी एकमेकांना दिलेलं वचन आहे. वचन देणारे मोठ्या सभागृहात बसतात. ते पाळायची वेळ येते तेव्हा उन्हाने तापलेल्या गोदामात पटाशी घेऊन पेटी उघडणारा माणूस लागतो. तो माणूस बरीच वर्षं मी होतो.

खबर आली ती एका मित्रदेशाकडून. 'जलशुद्धीकरणाचे सुटे भाग' या नावाखाली तुमच्या बंदरातून काही व्हॉल्व्ह निघणार आहेत, माल घेणारी कंपनी नुसती कागदावर आहे, बघून घ्या. बस, एवढंच. त्यांना हे जगजाहीर करून आमची शोभा करता आली असती. त्यांनी शेजारधर्म पाळला आणि गुपचूप सांगितलं. आमच्या वरिष्ठांनी निरोप वाचला आणि म्हणाले, "त्यांनी आपल्यावर विश्वास टाकलाय. आता आपली पाळी."

खेप जहाजावर चढायच्या आत आम्ही अडवली. माझ्याबरोबर माझी सहकारी होती. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, चिनी कुटुंबातली, कामाला वाघ आणि बोलण्यात काटकसरी. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं. इथे ते मराठीत देतो. महाराष्ट्रात पंचनामा असतो तसा आमच्याकडे नसतो, पण पेटीला हात लावायच्या आधीपासून फोटो काढत जायचं, हा नियम.

पेट्या उघडल्या. माल जाड चंदेरी आवरणात हवा काढून बंद केलेला होता आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या होत्या. आवरण एका कडेला उघडून पुन्हा चिकटवलेलं दिसत होतं; ते कापलं तर व्हॉल्व्ह नवेकोरे. आतून प्लॅस्टिकसारखं पांढरं अस्तर, म्हणजे कितीही जहरी रसायन गेलं तरी धातूला धक्का लागू नये. पाण्यासाठी एवढा थाट कुणी करत नाही. प्रत्येकाची कंपनीची पट्टी उपटलेली, अंगावरचे क्रमांक घासून काढलेले. माल कुणी विकला हे कळायला मार्गच ठेवला नव्हता.

व्हॉल्व्हच्या दोन्ही तोंडांना कारखान्याची निळी झाकणं होती. धूळ जाऊ नये म्हणून ती असतात, आणि बसवणारा फिटर ती काढून फेकून देतो. सहकारीने एक झाकण उचकटलं आणि मला हाक मारली. झाकणाच्या आतल्या बाजूला एक लाल आणि एक पिवळा ठिपका होता.

"तपासणी झाल्याची कारखान्याची खूण असेल," ती म्हणाली.

मी बोट लावून पाहिलं. बोटाला हळद लागली होती.

"कुंकू?" तिने विचारलं. "मग त्याचा काय उपयोग? अर्ध्या लिटल इंडियात यंत्रांना कुंकू लावतात."

तिचं खरं होतं. मी दुसरं झाकण काढलं, मग तिसरं. तिसऱ्यातून एक वाळकं, पण अजून हिरवट पान खाली पडलं. दोन पाकळ्यांचं, मधे चिमटलेलं. आपट्याचं म्हणून आपण दसऱ्याला वाटतो ते. सिंगापुरात आपटा मिळत नाही. इथली मराठी माणसं वसाहतीतल्या कांचनाची पानं सोनं म्हणून देतात.

ते पान हातात धरून मी उभा राहिलो. हे पान कुणाचं, ते मला ठाऊक होतं.

त्या माणसाला सगळे 'चीफ' म्हणत. पूर्वी जहाजावर चीफ इंजिनिअर होता. दर्यावरची नोकरी सोडून त्याने हार्बरफ्रंटजवळ छोटं ऑफिस थाटलं आणि पंप, व्हॉल्व्ह विकायला लागला. जाण अशी की नुसतं कानाने इंजिनाचं दुखणं सांगेल. त्याची एक पद्धत होती. विकलेला माल बसवायला तो स्वतः जायचा, आणि त्याचे पैसे घ्यायचा नाही. "मुलगी दिली की घर बघून यावं लागतं," असं म्हणायचा. दुसरी पद्धत दसऱ्याची. त्या दिवशी गोदामात जो माल असेल त्याच्या झाकणात हळदकुंकू लावून एकेक पान ठेवायचा. मी एका वर्षी त्या पूजेला गेलो होतो. "झाकण काढणारा फिटर कुठल्या जातीधर्माचा असेल कोण जाणे," चीफ तेव्हा म्हणाला होता, "पण आमचं सोनं त्याला पोचेल."

त्याच दिवशी मी वरिष्ठांना सांगितलं की संशयित माझ्या ओळखीचा आहे, घरी येणं-जाणं आहे. ते म्हणाले, "जबाब ती घेईल. तू बसायचं आणि प्रश्न विचारायचे नाहीत." मी बरं म्हटलं.

आधी खेप पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला बोलावलं. बंद पडलेल्या एका गोदीचा भंगार माल आहे, गेल्या वर्षी घेतला, असं तो ठासून सांगत होता. सहकारीने त्याला व्हॉल्व्हमधून काय वाहतं ते विचारलं. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकलोय. माणसाला त्याच्या मालाबद्दल बोलू द्यावं. प्रामाणिक व्यापारी कंटाळा येईपर्यंत बोलतो. ज्याला आपल्याच मालाबद्दल बोलायचं नसतं, त्याच्यावर डोळा ठेवावा.

"काय वाहतं म्हणजे? व्हॉल्व्ह म्हणजे व्हॉल्व्ह ला," व्यापारी इथल्या बोलीतला 'ला' शेवटी जोडत म्हणाला.

तिने पान त्याच्यासमोर ठेवलं आणि हे यंदाच्या दसऱ्याला, म्हणजे काही आठवड्यांपूर्वी, कुणाच्या गोदामात ठेवलं गेलं ते सांगितलं. तो पुढे वाकून ते पान बघू लागला. क्रमांक घासायला त्याने माणसं लावली होती. टाकाऊ झाकणाच्या आत कुणी नमस्कार करून काही ठेवत असेल, हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मग म्हणाला, "ऑफिसर, मी नाही विकला तर दुसऱ्या देशातला कुणीतरी विकेलच."

मला प्रश्न विचारायची मनाई होती, उत्तर द्यायची नव्हती. मी म्हटलं, "विकू दे. शेजारी दार उघडं टाकून झोपतो म्हणून आम्ही आमची कडी काढत नाही."

मग चीफ आला. ऑफिसला जायच्या इस्त्रीच्या शर्टात आला आणि मला बघून त्याला हायसं वाटलं. मला ते सहन झालं नाही. मी खुर्ची जरा मागे घेतली.

त्याचं म्हणणं सरळ होतं. माल त्याने सिंगापुरातच, सिंगापूरच्याच कंपनीला विकला. जुरॉंगच्या कारखान्यासाठी आहे असं त्याला सांगितलं होतं. देशातल्या देशात विकायला निर्यातीचा परवाना लागत नाही. घेणाऱ्याने पुढे काय केलं ते त्याला काय माहीत? कायद्याच्या दृष्टीने सगळा खेळ याच एका प्रश्नावर होता. माहीत नसेल तर तो साक्षीदार. माहीत असेल, किंवा संशयाला जागा असूनही त्याने माल दिला असेल, तर आरोपी. मग तुरुंग, धंदा बंद, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर.

"पॅकिंग कुणी केलं?" सहकारीने विचारलं.

"मी स्वतः," चीफ म्हणाला. आवाजात अभिमान होता. "समुद्राच्या हवेत वर्षभर राहिलं तरी गंज चढणार नाही."

"जुरॉंगला नेण्यासाठी?"

चीफने खुर्ची फिरवली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "अहो, तुम्ही तरी सांगा ना हिला. तुम्ही ओळखता मला."

"चीफ," मी म्हटलं, "जे सांगायचं ते तिला सांगा. आणि इंग्रजीत."

त्याने माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी विसरलेलो नाही. मग म्हणाला, "गिऱ्हाईकाला तसं पॅकिंग हवं होतं, माल उघड्यावर ठेवणार असतील असं मला वाटलं." याहून पुढे तो एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या बिशानच्या फ्लॅटची झडती होती; घरात मराठी बोलतात म्हणून मलाही पाठवलं होतं. दार मुलीने उघडलं. शाळेच्या गणवेशातच होती. "बाबा ऑफिसला आहेत ला, काका," ती नेहमीच्या सुरात म्हणाली, आणि मग माझ्यामागचे बाकीचे तिला दिसले. ती आत पळाली.

वहिनी बाहेर आल्या. त्या एका बँकेत हिशेबतपासनीस आहेत. त्यांनी आमचं ओळखपत्र आणि हुकूम नीट वाचला, बाजूला झाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. ड्यूटीवर असताना आम्ही चहा घेत नाही, असं मी म्हटलं.

"नका घेऊ. माझ्या हातांना काम हवंय म्हणून करतेय," त्या म्हणाल्या. पथकाची माणसं आतल्या खोलीत होती. वहिनी गॅसकडे तोंड करूनच बोलायला लागल्या. "मी यांना तेव्हाच म्हटलं होतं. हे बसवून द्यायला येतो म्हणाले तर तो माणूस नको म्हणतो. फुकट मिळतंय तर नको? आणि वर समुद्राचं पॅकिंग मागतो. जुरॉंगला ट्रक जातो, त्याला समुद्र कुठे लागतो?"

"वहिनी," मी म्हटलं, "मी इथे घरचा म्हणून आलेलो नाही. हे मला कळवावं लागेल. आणि नवऱ्याविरुद्ध बोलायची सक्ती तुमच्यावर कुणी करणार नाही."

"माहीत आहे मला." त्या वळल्या. डोळे कोरडे होते. "मी त्यांच्याविरुद्ध बोलत नाहीये. कालपासून हे जेवले नाहीत. जे पोटात आहे ते बाहेर आलं नाही तर हा माणूस मला परत मिळायचा नाही. त्यांना सांगा, मी तुम्हाला सांगितलंय म्हणून."

मी ते जसंच्या तसं सहकारीला सांगितलं आणि तिने ते चीफला सांगितलं. कोर्टात वहिनींना उभं करायची वेळ आलीच नाही. चीफने वकिलाला बरोबर आणलं आणि वकील दंडाला धरत असतानाही तो बोलला.

त्याने व्यापाऱ्याला कारखान्याचं नाव विचारलं होतं. व्यापारी हसला होता. तेव्हाच चीफला कळलं होतं की हा माल जुरॉंगला जाणार नाही. "विष बनवायला जाईल असं मनात आलं नाही, शपथेवर सांगतो," तो म्हणाला. "पण काहीतरी लपवतायत एवढं समजलं होतं. आणखी विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. मला उत्तर नको होतं. धंदा मंदा होता."

पुढचं वाक्य मात्र कुणालाच अपेक्षित नव्हतं.

"तुम्ही धरली ती दुसरी खेप आहे. पहिली दसऱ्यानंतर लगेच गेली."

वकिलाने डोळे मिटले. आम्हाला पहिल्या खेपेचा पत्ताच नव्हता, मित्रदेशालाही नव्हता. चीफ गप्प राहिला असता तर ती कधी उजेडात आली नसती आणि त्याची शिक्षाही कमी झाली असती. हे त्याला वकिलाने आधीच सांगितलं असणार. मला त्या क्षणी त्याचा राग आला होता, आणि त्याच्याबद्दल आदरही वाटत होता. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला त्या खोलीत समजलं.

आता पेच आमच्यावर आला. पहिली खेप आमच्याच बंदरातून, खोट्या नावाखाली का होईना, निघून गेली होती. दुसरी आम्ही पकडली म्हणून पाठ थोपटली जात होती. पहिलीबद्दल बोलायचं की नाही, यावर बैठकीत थोडी कुजबुज झाली. वरिष्ठ ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "एका बाईने स्वतःच्या घरात खरं सांगितलं. आपण आपलं झाकून ठेवायचं?" त्या दिवशी वाटेवरच्या सगळ्या देशांना निरोप गेले. माल आमच्याकडून सुटला आहे, हे त्यात पहिल्याच वाक्यात होतं.

पण ओळखायचं कसं? पट्ट्या नाहीत, क्रमांक नाहीत, वाटेत पेट्याही बदललेल्या असणार. ओळखीची खूण एकच होती. सरकारी निरोपात ती घालताना सहकारीने मला विचारलं, "याला काय लिहू?" मी सांगितलं, "लिही: निळं झाकण काढून बघा. आत लाल-पिवळा ठिपका असेल, काहींत दोन पाकळ्यांचं वाळकं पान असेल."

काही आठवडे काहीच आलं नाही. मग एका दूरच्या बंदरातून फोटो आला. ज्याने काढला त्या अधिकाऱ्याने दसऱ्याचं नाव ऐकलं असण्याची शक्यता नव्हती. त्याने ते पान एका पांढऱ्या कागदावर जपून ठेवलं होतं, शेजारी मोजपट्टी. पान कडेला मोडलं होतं. मी तो फोटो बराच वेळ पाहिला. त्या माणसाचा देश वेगळा, भाषा वेगळी, त्याला माझं तोंडही माहीत नाही. तरी आम्ही लिहिलं म्हणून तो उन्हात उभा राहून झाकणं काढत बसला होता. देश जबाबदारीने वागतो म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. आपल्या घरातून बाहेर जाणारी वस्तू कुणाच्या हातात पडणार हे विचारायचं, चुकलं तर आपण होऊन सांगायचं, आणि दुसऱ्याचा निरोप आला की आपली झाकणं उघडायची. करार, कायदे, परवाने हे सगळं याच्यासाठीच असतं. आमचा देश पिकवत काही नाही, नाक्यावर बसून सगळ्यांचा माल पुढे सरकवतो. नाक्यावरच्या माणसाची पत गेली की त्याच्याकडे उरतं काय?

पण तिथे पकडला गेला तो पहिल्या खेपेचा काही भागच होता. एक पेटी सापडली नाही. ती शेवटपर्यंत सापडली नाही.

व्यापाऱ्याला मोठी शिक्षा झाली. चीफने स्वतःहून सांगितलं याचा न्यायाधीशांनी विचार केला, तरीही त्याला तुरुंगात जावं लागलं. ऑफिस बंद झालं. वहिनींच्या पगारावर घर चाललं आणि मुलगी शिकली. मी त्यांच्याकडे जायचं सोडलं. जाऊन काय बोलणार होतो?

चीफ सुटला तोवर मी निवृत्त झालो होतो. त्या वर्षीच्या दसऱ्याला संध्याकाळी माझ्या सेम्बावांगच्या घराची बेल वाजली. चीफ आणि वहिनी दारात होते. तो वाळला होता. हातात कागदाच्या पिशवीत कांचनाची पानं होती.

मी त्यांना आत घेतलं. चीफने एक पान काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "सोनं घ्या."

"सोन्यासारखे राहा," मी म्हटलं.

तो वाकून पाया पडायला लागला. वयाने तो माझ्याहून थोडा लहान, रीत तशी आहे. मी त्याला मधेच धरलं. त्याने माझा हात सोडला नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "ती राहिलेली पेटी. ते व्हॉल्व्ह कुठे बसवले असतील हो?"

हा प्रश्न त्याने तेव्हा व्यापाऱ्याला आणखी नेटाने विचारला असता तर उत्तर मिळालं असतं. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"माहीत नाही, चीफ," मी म्हटलं.

दर दसऱ्याला ते दोघं येतात. सोनं देऊन झालं की चीफ तेच विचारतो, आणि मी तेच सांगतो.